सरण, वीजदाहिनी की माती? बौद्ध कुटुंबांनी आधीच बोलून ठेवावे असे काही

घरातले माणूस गेल्यावर पहिल्या दोन-तीन तासांत जे निर्णय होतात, ते बहुतेक वेळा घरचे लोक घेतच नाहीत. घरचे रडत असतात. शेजारी, भावकी आणि वस्तीतली चार अनुभवी माणसे सगळे ठरवतात. कुणी लाकडाची सोय बघतो, कुणी हारफुले आणायला जातो, कुणी बौद्धाचार्यांना फोन लावतो आणि एखादा तरुण फ्लेक्सवाल्याकडे फोटो पाठवून मोकळा होतो. कालकथितांची स्वतःची काय इच्छा होती, हे त्या घाईत कुणी विचारत नाही. विचारले तरी सांगणारा कुणी नसतो, कारण आपल्याकडे हा विषय जिवंतपणी काढणे अशुभ मानतात. शुभ-अशुभ मानायचे नाही असे ठरवलेल्या घरांतही.

वाचकांकडून आमच्याकडे एक प्रश्न वारंवार येतो. पर्यावरणाचा विचार करून अंत्यसंस्कार करायचा तर तो कसा करावा, आणि आपल्या धम्मात त्याला काही अडचण आहे का? दुसऱ्या भागाचे उत्तर सोपे आहे, पहिल्याचे नाही.

धम्माची अडचण नाही

महापरिनिब्बान सुत्तात आनंदाने तथागतांना विचारले होते की, आपल्या देहाचे आम्ही काय करावे? त्यावर भगवंतांनी भिक्खूंना देहपूजेच्या चिंतेत न पडता स्वतःच्या साधनेकडे लक्ष द्यायला सांगितले. देहाचे काय करायचे ते श्रद्धावान उपासक बघतील, हा त्यातला आशय. पुढे कुसिनाऱ्याच्या मल्लांनी सहा दिवस देहाला मानवंदना दिली, सातव्या दिवशी मुकुटबंधन चैत्यापाशी दहन झाले आणि अस्थींचे आठ भाग झाले. म्हणजे दहनाची परंपरा आपल्याकडे आहे. पण दहनच करा, अमुक लाकूडच वापरा, अमुक दिशेलाच डोके ठेवा, असा नियम तथागतांनी उपासकांना घालून दिलेला नाही. बौद्ध देशांकडे पाहिले तर हे लगेच कळते. श्रीलंकेत दहनही होते आणि दफनही. तिबेटच्या उंच पठारावर लाकूड नाही आणि जमीन गोठलेली, म्हणून तिथे देह गिधाडांना देण्याची रीत पडली. तिथल्या हवापाण्याला जे सोसले ते तिथे रूढ झाले.

आपल्याच महाराष्ट्रातले उदाहरण घ्या. लोणावळ्याजवळ भाजे लेणीत 14 छोटे स्तूप एका ठिकाणी आहेत. त्यांतल्या काहींवर थेर भिक्खूंची नावे कोरली आहेत. कान्हेरीलाही थेरांच्या स्मरणार्थ विटांचे स्तूप उभारलेली एक वेगळी जागा आहे. दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या पूर्वजांना आठवण जपायला तेवढे पुरले. ज्यांना समाधीवर ग्रॅनाइट आणि स्टीलचे रेलिंग हवे आहे, त्यांनी एकदा भाजे पाहून यावे.

7 डिसेंबर 1956 रोजी दादरच्या समुद्रकिनारी बाबासाहेबांवर अंत्यसंस्कार झाले, ते बौद्ध पद्धतीने आणि दहनाने. त्यामुळे आपल्यातल्या अनेकांच्या मनात दहन म्हणजेच बौद्ध पद्धत असे बसले आहे. त्या भावनेचा आम्हाला आदर आहे. पण त्या दिवशी बौद्ध होते ते त्रिशरण, पंचशील आणि भिक्खूंचे सुत्तपठण. सरणाची लाकडे हा त्या काळचा मार्ग होता.

लाकडाशी आपले नाते

हा विषय आपल्या समाजात नुसता झाडांचा नाही. गावगाड्यात कुणी मेले की परगावी सांगावा घेऊन जाणे आणि सरणाची लाकडे वाहून नेणे ही महारांवर लादलेली कामे होती. इतरांच्या चितेची लाकडे वाहणाऱ्या माणसाला स्वतःच्या बापासाठी ती परवडत नसत. म्हणून अनेक घरांत मूठमाती दिली जाई. गावाच्या स्मशानात त्याला जागा नव्हती, त्याची जागा वेगळी, ओढ्याकाठची किंवा खडकाळ. ज्या वतनामुळे हे काम गळ्यात पडले होते, त्याविरुद्ध बाबासाहेबांनी 1928 मध्ये मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले. ही कनिष्ठ वतने कायद्याने रद्द व्हायला 1958 साल उजाडले.

एवढ्या मागच्या गोष्टी इथे काढण्याचे कारण असे की, वस्तीत जाऊन कुणी 'लाकूड वापरू नका' असा उपदेश करू लागला, तर म्हातारी माणसे दुखावतात. 'आमच्या आज्याला लाकूड मिळाले नाही, आता बापाला मिळतेय तर तुम्ही नको म्हणता,' हे बोलणे चुकीचे नाही. त्याला मान देऊनच पुढचे बोलावे लागते.

एका देहाला किती जळण लागते

उघड्यावर रचलेल्या सरणाला साधारण 400 ते 500 किलो लाकूड लागते. पावसाळ्यात त्याहून जास्त. माणसाच्या शरीरात निम्म्याहून अधिक पाणी असते, आधी ते वाफ होऊन जावे लागते. शिवाय उघड्या चितेची बहुतेक उष्णता वर आणि बाजूला निघून जाते, देहापर्यंत थोडीच पोहोचते. वाया जाण्याचे खरे कारण हे आहे. म्हणून लोखंडी जाळीच्या उंच चौथऱ्यावर, खालून हवा मिळेल आणि वर धुराडे असेल अशी रचना केली की लाकूड 100 ते 150 किलोंवर येते. 'मोक्षदा' नावाच्या संस्थेने अशा दाहिन्या देशात अनेक ठिकाणी बसवल्या आहेत. विधी तोच आणि अग्नी देणेही तेच, पण जळण चौथाई-तिहाईवर येते. ज्या गावात वीजदाहिनी येण्याची शक्यता नाही, तिथे आमच्या मते हा सर्वांत शहाणा खर्च आहे.

लाकडाऐवजी काय? कोल्हापूरला पंचगंगा स्मशानभूमीत दहन मुख्यतः शेणींवर होते. होळीच्या दिवसांत 'होळी लहान करा, शेणी दान करा' ही मोहीम तिथे लोकांनी उचलून धरली आहे. नागपुरात शेतातल्या काडीकचऱ्यापासून दाबून केलेल्या कांड्या सरणाला वापरल्या जातात. विदर्भ-मराठवाड्यात पऱ्हाट्या आणि तुराट्या एरवी बांधावर पेटवून दिल्या जातात. त्या सरणाला आल्या तर एखादे झाड वाचते. शेणीबद्दल एक गोष्ट स्पष्ट बोलून ठेवतो. तिच्याभोवती हल्ली पावित्र्याच्या गोष्टी सांगितल्या जातात, त्यांच्याशी आपल्याला देणेघेणे नाही. शेणी हे जळण आहे. ते सहज मिळते आणि त्यासाठी झाड तोडावे लागत नाही, पण त्याचाही धूर होतोच.

सरण करायचेच असेल तर लाकूड वाळलेले असावे. बाभूळ, सुबाभूळ चालते. जुने प्लायवूड, रंग दिलेल्या चौकटी किंवा फर्निचर सरणात घालू नये, त्यांच्यातले डिंक-रंग जळून विषारी वायू निघतात. आणि टायर? पावसात ओले लाकूड पेटत नाही म्हणून डिझेल ओतणे, टायर टाकणे हे आजही होते. करणाऱ्यांना आम्ही दोष देत नाही. डोक्यावर छप्पर नसलेल्या स्मशानात, चिखलात, अंधार पडायच्या आत दहन उरकायचे असते. दोष छप्पर न बांधणाऱ्यांचा आहे. त्याबद्दल पुढे लिहिले आहे.

वीजदाहिनी आणि गॅसदाहिनी

शहरात राहणाऱ्यांसाठी आमचे मत सरळ आहे. जवळ चालू स्थितीतली गॅसदाहिनी किंवा वीजदाहिनी असेल तर तीच निवडावी. झाड तुटत नाही, आजूबाजूच्या वस्तीला धूर कमी लागतो आणि दीड-दोन तासांत रक्षा हातात मिळते, त्यामुळे दुसऱ्या दिवशी पुन्हा यावे लागत नाही. अनेक महापालिकांत शुल्क नाममात्र आहे किंवा माफ आहे. लाकडाच्या सरणाचा खर्च आठवा आणि हातावर पोट असलेल्या कुटुंबाला यात किती फरक पडतो ते बघा.

मात्र वीजदाहिनी म्हणजे प्रदूषण शून्य असे कुणी सांगितले तर मान डोलावू नये. आपली बहुतेक वीज कोळशावर होते. चंद्रपूर आणि कोराडीच्या लोकांना हे सांगायला नको. भट्टी आधी 600-700 अंशांपर्यंत तापवावी लागते, आणि दिवसाला एखादाच देह येत असेल तर ती तापवण्यातच बरीच वीज जाते. ती ओळीने चालली तर परवडते. म्हणून प्रत्येक वॉर्डात एक दाहिनी मागण्यापेक्षा आहे ती नीट चालू राहील, धुराड्याची गाळणी साफ होईल आणि रात्री-अपरात्री माणूस हजर असेल, ही मागणी जास्त उपयोगाची आहे.

दाहिनीला विरोध बहुधा भावनेपोटी होतो. 'बटण दाबून बापाला जाळायचे का?' याला उत्तर असे की, दाहिनीच्या दारापाशी देह ठेवून त्रिशरण-पंचशील, वंदना, दोन शब्द आणि पुष्प अर्पण हे सगळे करता येते. फक्त तिथल्या कर्मचाऱ्यांना आधी सांगून ठेवावे, म्हणजे पुढचा देह येण्याची घाई होत नाही. आत सोडण्यापूर्वी देहावरचे प्लास्टिक, चष्मा आणि रबरी नळ्या काढाव्यात. छातीत पेसमेकर असेल तर तो रुग्णालयातच काढून घ्यावा, कारण त्याची बॅटरी उष्णतेने फुटते. हे सरणालाही तितकेच लागू आहे.

मातीत देणे

दफन ही कमीपणाची गोष्ट नाही. कुटुंबात पूर्वी लाकूड मिळाले नाही म्हणून जे झाले, ते आज कुणी विचार करून निवडत असेल तर त्यात उलट अर्थ आहे. नीट केलेले दफन हा सर्वांत कमी जळणाचा मार्ग आहे, कारण त्यात जळण लागतच नाही. पाश्चात्त्य देशांत अलीकडे 'हरित दफन' म्हणून ज्याचे कौतुक होते, ते म्हणजे पेटी नाही, रसायने नाहीत, सिमेंट नाही, फक्त कापडात गुंडाळून मातीत. आपले मुस्लीम शेजारी हे पिढ्यान्‌पिढ्या करत आले आहेत. लिंगायत समाजही बसलेल्या स्थितीत दफन करतो.

पण नीट म्हणजे कसे? देह मातीत मिसळतो तो जिवाणूंमुळे, आणि त्यांना हवा लागते. फार खोल खड्ड्यात हवा नसते, तर फार उथळ केला की कुत्री उकरतात. देहावर किमान तीन-साडेतीन फूट माती येईल असा खड्डा ठीक. कापड सुती हवे. पॉलिस्टरचे पांढरे कापड वर्षानुवर्षे तसेच राहते. आपल्याकडे खड्ड्यात मीठ ओतण्याची पद्धत आहे, कधी पोतेभर. मिठाने जमिनीतले जिवाणू मरतात आणि माती खारट होते, म्हणजे ज्यासाठी मातीत दिले त्यालाच आडकाठी होते. मीठ टाकू नये. वर सिमेंटचा चौथराही नको, एखादा दगड किंवा झाड पुरे.

जागेचा प्रश्न मोठा आहे. विहीर, बोअरवेल आणि ओढा यांच्याजवळ दफन करू नये. भूजल वर असेल तिथे तर नाहीच. काळ्या चिकट रानात पावसाळ्यात खड्ड्यात पाणी उभे राहते आणि देह लवकर मातीत जात नाही. मुरमाड, पाण्याचा निचरा होणारी जमीन बरी. आणि स्वतःचे शेत आहे म्हणून तिथेच दफन करू, असे परस्पर करू नये. नेमून दिलेल्या जागेबाहेर दफन करायला स्थानिक संस्थेची व महसूल अधिकाऱ्यांची परवानगी लागते, नाहीतर पुढे वाद उभे राहतात. मुंबईसारख्या शहरात जागाच नाही, तिथे हा पर्याय जवळपास मिटला आहे.

परदेशात आणखी प्रकार आले आहेत. दक्षिण आफ्रिकेचे आर्चबिशप डेझमंड टुटू 2021 च्या डिसेंबरात वारले, तेव्हा त्यांच्या इच्छेनुसार देह अग्नीऐवजी क्षारयुक्त गरम पाण्यात विरघळवण्यात आला. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याने 2019 मध्ये मानवी देहाचे खत करण्याला कायद्याने मान्यता दिली. आपल्या गावाच्या स्मशानात यातले काही लगेच येणार नाही, त्यामुळे त्यावर जास्त शाई खर्च करत नाही.

देहदान

शिवी जातकात राजा आपले डोळे दान करतो. श्रीलंकेतल्या बौद्धांनी ही कथा मनावर घेतली आणि डॉ. हडसन सिल्वा यांनी सुरू केलेल्या नेत्रदान चळवळीतून तिथले नेत्रपटल जगभरातल्या अंधांपर्यंत पोहोचले. आपल्याकडेही विहारांतून देहदानाचे अर्ज भरले जातात. ते चांगलेच आहे, पण अर्ज भरला म्हणजे झाले असे नाही.

नेत्रदान मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत व्हावे लागते. तोवर डोळे मिटून त्यांवर ओला कापूस ठेवावा आणि पंखा बंद करावा. देहदानात शवविच्छेदन झालेला, अपघाती किंवा काही संसर्गजन्य आजारांनी गेलेला देह वैद्यकीय महाविद्यालये सहसा घेत नाहीत. जवळच्या नातेवाइकांनी ऐनवेळी नाही म्हटले तर मृताचा अर्ज असूनही देह नेला जात नाही. म्हणून अर्जावरच्या सहीपेक्षा घरात झालेले बोलणे जास्त महत्त्वाचे. आणि देह नाकारला गेला तर पुढे काय, हा दुसरा पर्यायही ठरलेला असावा.

रक्षा, पिंपळ आणि फ्लेक्स

बावीस प्रतिज्ञांनी श्राद्ध-पिंडदान आपल्यातून गेले, तरी रक्षा नदीत सोडण्याची सवय पुष्कळ घरांत टिकून आहे. नदीत पुण्य आहे असे आपण मानत नाही, मग नदीला हा भार कशाला? रक्षा झाडाला घालावी असे अनेक जण सुचवतात. कल्पना छान, पण एक अडचण कुणी सांगत नाही. रक्षा क्षारयुक्त असते. रोपाच्या बुंध्याशी तिचा ढीग घातला तर रोप करपते, आणि मग 'आईचे झाड जगले नाही' म्हणून घर पुन्हा हळहळते. रक्षा थोडी थोडी करून मोठ्या जागेत भरपूर मातीत व शेणखतात मिसळावी, बुंध्यापासून दूर घालावी, उरलेली बांधावर पसरावी.

झाड कोणते? सगळ्यांना बोधिवृक्ष हवा असतो. पिंपळाच्या मुळ्या भिंती फोडतात, त्यामुळे तो विहाराच्या कंपाउंडला, घराला किंवा पाण्याच्या टाकीला लागून लावू नये. मोकळे माळरान असेल तर जरूर लावा. एरवी करंज, कडुनिंब, ओढ्याकाठी अर्जुन, रस्त्याकडेला बहावा. तथागतांचे महापरिनिर्वाण शालवृक्षांखाली झाले, पण आपल्या कोरड्या रानात शाल जगवणे अवघड.

अंत्यविधीतला कचरा हा विषय छोटा वाटतो, पण तो सर्वांत सोपा आहे. प्लास्टिकचे हार, चमकीची शाल, थर्माकोलचे चक्र आणि चौकातला दहा बाय पाचचा फ्लेक्स यांतले काहीच मातीत जात नाही, आणि जाळले तर विषारी धूर. जलदान विधीला दोनशे मिलीच्या पाणीबाटल्यांचे खोके येतात. (हा विधी असावा की नसावा हा वेगळा वाद, तो इथे नको.) माठ आणि स्टीलचे पेले वस्तीत असतातच. हारांऐवजी प्रत्येकाने एक वही किंवा पुस्तक आणावे, ही पद्धत जयंती-पुण्यस्मरणाला रुजली आहे, ती इथेही आणता येईल.

गावच्या स्मशानासाठी

ज्या गावात बौद्धांच्या स्मशानाला रस्ता नाही, शेड नाही, पाणी नाही, तिथे पर्यावरणाची सुरुवात ग्रामसभेत होते. प्रथम त्या जागेचा सातबारा काढून बघावा. स्मशानभूमी म्हणून नोंद आहे का, क्षेत्र किती, अतिक्रमण झाले आहे का? नोंद नसेल तर तलाठी व तहसीलदारांकडे लेखी अर्ज करावा आणि पोच घ्यावी. शेड, रस्ता, पाणी यांसाठी ग्रामपंचायतींना जनसुविधा योजनेतून निधी मिळू शकतो. अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या वस्त्यांच्या विकासाची योजनाही आहे. ठराव मांडताना नुसती 'शेड' न लिहिता 'धुराडे असलेली, कमी लाकडात दहन होणारी जाळीची दाहिनी' असे लिहावे, म्हणजे अंदाजपत्रकात ती येते. काही गावांत सगळ्यांसाठी एकच स्मशानभूमी झाली आहे. तिथे एकच चांगली दाहिनी सर्व गावाला पुरते. वेगळ्या स्मशानासाठी वेगळे जळण, वेगळे शेड, वेगळा रस्ता हे जातीचेच दुप्पट बिल आहे, ते पर्यावरणालाही भरावे लागते.

घरातली चिठ्ठी

आता घरात करायचे काम. एक कागद घ्यावा आणि साध्या भाषेत लिहावे: दहन, दफन की देहदान. दहन असेल तर कुठे, कशावर. देह नाकारला गेल्यास काय. नेत्रदानासाठी फोन कुणाला करायचा. अंगावर कोणते कापड, हार किती, फ्लेक्स नको. रक्षा कुठे. खाली सही, तारीख आणि दोन साक्षीदार, त्यांतला एक घरातला आणि एक विहारातला. असा कागद कायद्याने मुलांवर बंधनकारक ठरेलच असे नाही, पण भावकी जमल्यावर तो वाचून दाखवता येतो आणि निम्मे वाद तिथेच थांबतात. त्याची एक प्रत बौद्धाचार्यांकडे द्यावी आणि मूळ कागद कपाटाच्या कुलुपात न ठेवता आधारकार्डासोबत ठेवावा, कारण मृत्यूची नोंद करताना ते कार्ड सहसा मागितले जाते आणि कुणीतरी ती पिशवी उघडतोच.